साथीला कोण होतं?

“थांबा, विमान!” रेकॉर्डिंग सांभाळणारा मुलगा हात वर करतो आणि ढोलकीवाले दादा बोलता बोलता गप्प होतात. जयपूरचा सांगानेर विमानतळ जवळच आहे. उतरणारं विमान आधी हेडफोनमध्ये घरघरतं, मग खिडकीच्या काचेत आणि शेवटी सगळ्यांच्याच कानात. कुणी छताकडे बघतं, कुणी मोबाइल पालथा घालतं. दादांचा उजवा हात मात्र मांडीवर चालूच आहे, दोन बोटं, अगदी हलकी. विमान पुढे सरकतं, मुलगा हात खाली घेतो आणि दादा थांबले होते नेमक्या त्याच शब्दावरून, त्याच पट्टीत पुढचं वाक्य उचलतात. मुलगा माझ्याकडे बघून भुवया उडवतो. या माणसाने कापायला जागाच ठेवलेली नाही.

“पंचिंगची सवय,” दादा सांगतात. “गाण्यात एक जागा चुकली की तेवढीच परत वाजवायची. मघाचा हात आणि आत्ताचा हात जुळला पाहिजे. नाही जुळला तर पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जातो.”

आम्ही आहोत ते प्रताप नगर म्हणजे टोंक रोडलगत राजस्थान हाउसिंग बोर्डाने वसवलेली भली मोठी वसाहत. रस्त्यांची नावं हल्दीघाटी मार्ग, कुंभा मार्ग अशी मेवाडच्या इतिहासातली; त्या रस्त्यांवर कोचिंग क्लासच्या पोरांचे पीजी, मेसच्या पाट्या, सकाळच्या कचोरीच्या कढया. आम्ही बसलोय ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटची मागची बेडरूम. तीन भिंतींवर जयपुरी रजया टांगल्या आहेत, सांगानेरी बुट्ट्यांच्या, आजीच्या ट्रंकेतून काढलेल्या. फोमचे महागडे ठोकळे आणण्याऐवजी या मुलाने हे केलं. मी टाळी वाजवून बघते. आवाज जागच्या जागी विरतो. पिंजलेल्या कापसाचं हे काम कुठल्याही स्टुडिओवाल्याने मान डोलवावी असं आहे. चौथ्या भिंतीला कपाट आहे आणि त्यात, मुलगा सांगतो, कपडे मुद्दाम कोंबून भरलेत.

पॉडकास्ट आहे तो गाणाऱ्यांच्या मागे बसणाऱ्यांवर. ड्रमर, ढोलकवाले, ऑक्टोपॅडवाले, साइड रिदमवाले. मुंबईत ही माणसं हाती लागत नाहीत. इथे मात्र देवउठनी एकादशी झाली की सावे सुरू होतात. सावा म्हणजे लग्नाचा मुहूर्त. जयपूरच्या हॉटेलांतून आणि हवेल्यांतून बाहेरगावची लग्नं लागतात, संगीताच्या रात्रीसाठी मुंबईचे गायक येतात आणि त्यांच्याबरोबर सात-आठ वादकांचा ताफा. सकाळच्या विमानाने उतरायचं, संध्याकाळी साउंडचेक. मधले तास रिकामे. विमानतळावरून हॉटेलकडे जाता जाता प्रताप नगर वाटेत घेता येतं. पाहुणे मिळवायचा हा मार्ग रजयांइतकाच बिनखर्चाचा आहे.

आज तिघं आहेत. दादा परळचे, पन्नाशी उलटलेले. चित्रपट, मालिका, मराठी वाद्यवृंद असं सगळीकडे वाजवलेलं. दुसरे खाँ साब, बाडमेर जिल्ह्यातले मांगणियार, ढोलक वाजवतात, आता जयपुरात बिऱ्हाड. तिसरा इथलाच तरणा ड्रमर. ड्रमचा सेट न्यायला गाडी परवडत नाही म्हणून ऑक्टोपॅड पाठीवर घेऊन स्कूटरवरून आलाय. दादा मला ताई म्हणतात, खाँ साब बाईसा, आणि ड्रमर काहीच म्हणत नाही. तो अजून लाजतोय.

पहिला अर्धा तास वाया जातो म्हटलं तरी चालेल. “सुरुवात कशी झाली?” असं मी विचारते आणि दादा सांगतात की घरातच वातावरण होतं. खाँ साब सांगतात, सब मालिक की देन है. ड्रमर सांगतो, शाळेतल्या बाकावर वाजवायचो. खोटं कुणीच बोलत नाही, पण ही उत्तरं इतक्यांदा दिलेली आहेत की ती देताना त्यांचं लक्षही तिथे नाही. एक गोष्ट मला हळूहळू उमगते. या लोकांची आयुष्यभराची कमाई अशी की त्यांचं वाजवणं कुणाच्या ध्यानात येऊ नये. गाणाऱ्याचा शब्द झाकला जाऊ नये, पुढे पळू नये, मागे राहू नये. त्यांना माइकसमोर बसवून ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणायचं, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या बरोबर उलटं काम सांगायचं.

प्रश्नांचा कागद मी रजईच्या घडीत सारून देते. “दादा, ढोलकी काढता का?”

गवसणीची चेन सरकते तसा त्यांचा चेहराच बदलतो. नटबोल्टची ढोलकी आहे, पाना सामानात टाकून आणलेला. उजव्या पुडीच्या शाईवर ते बोट मारतात आणि तोंड वाकडं करतात. “बघा. मुंबईहून काळी चारला लावून निघालो होतो. इथे ही काळी पाचकडे निघाली.” मुंबईच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, इथल्या कोरड्या थंडीत आवळतं, सूर चढतो. एकेक नट ते अर्धा अर्धा वळसा सैल करतात, समोरासमोरचे. शेजारचे लागोपाठ कधीच नाहीत. मधे मधे शाईच्या कडेला टिचकी मारून कान जवळ नेतात. एका बाजूला सूर उतरलेला आणि दुसऱ्या बाजूला अजून चढा, हा फरक मला हेडफोनमध्येही धड कळत नाही. ते मात्र एका नटावर परत येतात, अगदी जरासा फिरवतात आणि मग हात पुसतात. हातरुमालावर नव्हे, पँटवरच. तर्जनीच्या पेरावर घट्टा पडलेला दिसतो, पिवळसर, नखाच्या कडेपर्यंत.

खाँ साब हे सगळं बघताहेत. त्यांचा ढोलक दोरीचा. दोरीत अडकवलेले लोखंडी छल्ले ते अंगठ्याने वर सरकवतात, दोनदा थाप मारतात, झालं. “हमारा तो यहीं का है, इसे मौसम की आदत है,” म्हणतात. दादा हसतात. आता खोली बोलू लागली आहे.

मग मी विचारते ते नावांबद्दल नाही, हातांबद्दल. दत्तू ठेका कसा होता? दादा आधी कानाच्या पाळीला हात लावतात. दत्ताराम वाडकर, गोव्याकडचा माणूस, शंकर-जयकिशन यांचा सहायक. ‘परवरिश’सारख्या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्र संगीत दिलं, पण वादकांत नाव टिकलं ते ढोलकच्या ठेक्यामुळे. आहे तो आठ मात्रांचा केरवाच. दादा वाजवून दाखवतात. आधी साधा केरवा, मग तो. मी दोन्ही ऐकते. डावा हात किंचित रेंगाळतो आणि त्यामुळे उजव्याला झोका मिळतो. “तालाच्या वहीत हे लिहिता येत नाही,” दादा सांगतात. “लिहिलं तर दोन्ही सारखेच दिसतील.” तरणा ड्रमर इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता, तो पुढे सरकतो. “फिर से?” दादा पुन्हा वाजवतात. तो गुडघ्यावर पकडायचा प्रयत्न करतो, दोनदा फसतो आणि तिसऱ्या वेळी डावा हात सापडतो. “हाँ, बस,” खाँ साब मधेच म्हणतात.

यानंतर दादांना थांबवावं लागत नाही. संगीतकार पंचमच्या रिदम सेक्शनची नावं ते एका दमात घेतात: मारुतीराव कीर, अमृतराव काटकर, होमी मुल्लां, देवीचंद चौहान, ड्रमवर फ्रँको वाझ. प्रत्येक नावाला वाद्य जोडलेलं. काटकर म्हटलं की रेसो रेसो. त्यांच्याही आधीचे कावस लॉर्ड, ज्यांना सगळे काका म्हणत, आणि त्यांची मुलं केर्सी आणि बर्जोर. एका पारशी घरातले तीन वादक. यातल्या बहुतेकांना दादांनी प्रत्यक्ष वाजवताना पाहिलेलं नाही. पण रिदमवाल्यांच्या चहाच्या टेबलावर ही नावं अजून रोज निघतात. रेकॉर्डच्या वेष्टणावर ती सहसा नसत, म्हणून जिभेवर ठेवली असणार.

त्या काळी सगळा वाद्यमेळ एका खोलीत आणि गाणारे शेजारच्या काचेच्या पेटीत. साठ माणसांतल्या एकाचा हात चुकला की साठही जणांनी पहिल्यापासून. “तेव्हाचे लोक सांगायचे, सगळ्यात जास्त भीती ट्रँगलवाल्याला,” दादा म्हणतात. “अख्ख्या गाण्यात त्याला चार वेळा वाजवायचं. तीन मिनिटं नुसती मात्रा मोजायची, आणि चौथी वेळ चुकली की सगळे वळून बघणार.” आता दादा एकटे जातात. कानात क्लिक लावतात, समोर गायक नाही, संगीतकारही बहुधा नाही. गाण्याचे शब्दही कधी कधी कळत नाहीत. कुठल्या चित्रपटासाठी वाजवलं ते सहा महिन्यांनी रिक्षात ऐकू येतं.

न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंतल्या या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या तीनच वर्षं आधी त्याचं लग्नातल्या बँडवाल्यांवरचं पुस्तक आलं होतं. एकाच माणसाला हे दोन विषय सुचले याचं मला आता नवल वाटत नाही. स्टुडिओ आणि लग्न, दोन्ही या खोलीत एकाच गादीवर मांडी घालून बसलंय.

पुन्हा विमान. या वेळी खाँ साबच हात वर करतात आणि सगळे हसतात. तेवढ्यात चहा येतो.

बीकानेरचं नाव खाँ साबच काढतात. गुलाम मोहम्मद त्यांच्या मुलखातले, तबला-ढोलकच्या घरातले. नौशादचे सहायक म्हणून वर्षानुवर्षं वाजवलं, मग स्वतः संगीतकार झाले. ‘मिर्झा गालिब’ १९५४ चा. ‘पाकीझा’ पडद्यावर येईपर्यंत १९७२ उजाडलं आणि ते तर १९६८ मध्येच गेले होते. खाँ साब ही हकिगत शोकाच्या सुरात सांगत नाहीत. सांगतात ती त्यातल्या ढोलकबद्दल, गाण्याच्या मध्ये जिथे तो क्षणभर उघडा पडतो त्या जागेबद्दल. ती जागा ते वाजवतात. मी दादांकडे बघते. त्यांनी डोळे मिटलेत आणि बोटं त्याच जागेवर आहेत.

“खाँ साब, तुमच्याकडे नावं कशी ठेवतात?” मी विचारते. प्रश्न नीट पोचत नाही, मी हिंदीत परत विचारते. मांगणियारांचे जजमान ठरलेले असतात, पिढीजात, बहुतेक राजपूत. जजमानाच्या घरी मंगलकार्य असलं की आधी शुभराज: घराण्याची स्तुती, पूर्वजांची नावं, एकापाठोपाठ एक. खाँ साब ढोलक बाजूला ठेवतात, पाठ सरळ करतात आणि म्हणू लागतात. आवाज एकदम चढतो, मुलगा घाईघाईने लेव्हल खाली ओढतो. नावांमागून नावं. काही राजांची, काही साध्या जमीनदारांची, सगळी तोंडपाठ. संपल्यावर ते चहाचा घोट घेतात.

“आणि तुमच्या वडिलांचं, आजोबांचं?”

“हमारा? वो जजमान को पता है, बाईसा. उनके घर में सबको पता है.”

गावात प्रत्येक घर त्यांना नावाने ओळखतं. जयपुरात एका स्टुडिओत मात्र त्यांनी दिवसभर नुसते ठेके वाजवले, वेगवेगळ्या लयीत, मध्ये पाणी प्यायलासुद्धा धड वेळ नाही. त्या दिवसाचे पैसे मिळाले. ते ठेके आता लूप म्हणून फिरतात आणि फाइलला नाव आहे फक्त ढोलक, पुढे आकडा. रागावलेले ते दिसत नाहीत. दादाच रागावतात, आणि तेही स्वतःवर घेऊन. “मीपण दिलेत असे. चार दिवसांचं भाडं सुटलं होतं तेव्हा.”

इथे तरणा ड्रमर पहिल्यांदा आपण होऊन बोलतो. पाठीवरची पिशवी उघडतो, ऑक्टोपॅड मांडतो, पेन ड्राइव्ह लावतो. त्याच्याकडे ‘राजस्थानी ढोलक’ नावाचा एक संच आहे, कुठून कुठून आलेला, पॅड तीनवर. तो काठी मारतो. खाँ साब मान तिरकी करतात. “एक बार और.” पुन्हा मारतो. ते बराच वेळ ऐकतात, कुणी काही बोलत नाही. शेवटी मान हलवतात. “मेरा नहीं. मगर है हमारी तरफ़ का ही. बायाँ सुनो.” डाव्या हाताची ती घसट, म्हणतात, त्यांच्या बाजूच्या चार-पाच गावांतच करतात. कोण असेल तो, याचा ते अंदाजही बांधतात, पण नाव माइकवर सांगत नाहीत.

जेम्स ब्राउनच्या ड्रमरची गोष्ट मी त्यांना सांगते. क्लाइड स्टबलफील्ड. १९६९ मध्ये ‘फंकी ड्रमर’ नावाच्या ध्वनिमुद्रणात त्याने काही मात्रा एकट्याने वाजवल्या. पुढे त्याच मात्रा उचलून जगभरात हजाराहून अधिक गाणी झाली. गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे त्या गाण्यांच्या मानधनातला वाटा त्याच्याकडे आला नाही. तो २०१७ मध्ये वारला. ड्रमरला हे माहीत आहे. तो लगेच त्या मात्रा ऑक्टोपॅडवर काढून दाखवतो. खाँ साबांना त्या आवडतात. “ये तो केरवा ही है,” म्हणतात. दादा नाही म्हणतात. त्यावर दोघांचा वाद सुरू होतो आणि तो मजेशीर असला तरी लांबतो; मुलाने तो निम्मा तरी कापावा असं मला वाटतं.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदाही मी छापून आणलाय. २०१२ ची दुरुस्ती. सादरकर्ता कुणाला म्हणायचं ते सांगताना तिने एक अपवाद घातला: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो सादरकर्ता धरला जाणार नाही. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्क तेवढा त्याला ठेवलाय. ढोलकी किरकोळ की काय, हा वाद वकिलांनी घालावा. मी मोठ्याने वाचते आणि दादा चहाचा कप खाली ठेवतात.

“म्हणजे नाव त्यांनीच छापायचं नाही, आणि वर विचारायचं तुझं नाव कुठंय?”

याच रागात ते एक किस्सा सांगून टाकतात. एका संगीतकाराचा, नाव घेऊन. रात्री दोनपर्यंत चाललेली शिफ्ट, बुडवलेले पैसे, ते मागायला गेल्यावर जिन्यात उभं करून ठेवलेले तीन तास. सांगताना हात ढोलकीवर आहेत आणि एकही बोट हलत नाही. असं सकाळपासून पहिल्यांदाच होतंय. ड्रमर विचारतो, मग तुम्ही त्याच्याकडे परत गेलात का? “गेलो ना. हिट चालली होती त्याची.” ऑक्टोपॅडही त्याच वर्षी घेतला, ते सांगतात. कारण चार साइड रिदमवाल्यांचं काम एक माणूस करतो असं म्हटल्यावर तो एक माणूस आपण असलेलं बरं. उरलेले तिघं कोण होते तेही सांगतात. एक आता बँकेच्या दारात सुरक्षारक्षक आहे.

ड्रमर ऑक्टोपॅडच्या कडेवरून बोट फिरवतोय. त्याच्या सावे-हंगामाचा हिशोब सरळ आहे: दिवाळीनंतर होळीआधी जेवढे कार्यक्रम मिळतील तेवढ्यावर उन्हाळा काढायचा. क्लास घेतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवतो. खाँ साब त्याला विचारतात, वरातीपुढे वाजवशील का? नगारा? तो नाही म्हणत नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजतो. दादांची टॅक्सी. ते ढोलकी गवसणीत घालतात, पाना मोजून परत त्याच कप्प्यात. दारात थांबतात आणि मुलाला खूण करतात, हेडफोन काढ.

“तो पैशांचा किस्सा ठेवणार आहेस?”

मुलगा म्हणतो, तोच तर सगळ्यात चांगला भाग आहे.

“काढ तो.”

“मग संगीतकाराचं नाव तेवढं काढतो.”

“त्याने काय होतंय? आमच्यात सगळ्यांना कळेल कोण ते.” दादा बूट घालताहेत, एक हात चौकटीवर. मी म्हणते, मग दादा, तुमचंच नाव न घालता लावू या का? ते वर बघतात.

“वा! तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नाव लावतंय, आणि ते काढू? नाव ठेवा, ताई. आडनावासकट. किस्सा काढा.”

मुलगा घड्याळाकडे बघून सांगतो, किस्सा काढला तर अकरा मिनिटं कमी पडतील.

“खाँ साबांना वाजवू दे की तेवढं,” दादा जिन्यावरून ओरडतात. “पण विचार त्यांना आधी. आणि फुकट नको वाजवून घेऊस.”